आधी पाणी, मग हात

मोटारीच्या पत्र्यावरचे रंगाचे सगळे थर एकत्र मोजले तर जाडी भरते साधारण 100 ते 150 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले की गाडीचा अख्खा रंग झाला. त्यातही सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा. गाडीची चमक त्या थरात असते, उन्हापासूनचं संरक्षणही बरंचसं त्यातच असतं, आणि तो एकदा झिजला की भरून येत नाही.

हे आकडे मला पाठ आहेत, कारण माझी नोकरी ते मोजण्यातच गेली. चाकणच्या एका मोटार कारखान्यात पेंट शॉपच्या तपासणी विभागात मी होते. भट्टीतून बाहेर आलेली बॉडी ट्यूबलाइटच्या बोगद्यातून पुढे सरकायची आणि आम्ही दोन्ही बाजूंना उभ्या राहून तिच्यावर नजर आणि तळहात फिरवायचो. रंगात अडकलेला धुळीचा कण, एखादा ओघळ, कुठे रंग कमी बसलेला कोपरा, काहीही सुटता कामा नये. तिथून पुढे गेलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ सरळ आणि स्वच्छ दिसायची.

तशाच गाड्या वर्षभराने चिंचवडच्या आमच्या सोसायटीत पाहिल्या की जीव कळवळायचा. ऊन पडलं की बॉनेटवर गोल गोल बारीक चरे चमकतात, काळी गाडी राखाडी दिसू लागते. लोक म्हणतात, हल्लीचा रंगच हलका, आपले रस्तेच असे. रस्त्याने खडा उडतो, रंगाचा टवका जातो, हे खरं. पण ते हजारो बारीक चरे रस्त्याने पडत नाहीत. ते पडतात गाडी साफ करताना, आपल्याच हाताने. म्हणूनच घरच्या घरी गाडी धुणं, क्ले फिरवणं आणि वॅक्स लावणं ही तीन कामं नीट कशी करावीत, हे मला मनापासून सांगायचं आहे. त्यातल्या पहिल्या दोन कामांचा नियम एकच: हात लागण्याआधी पृष्ठभाग ओला आणि निसरडा झाला पाहिजे.

रंगाखाली काय असतं

कारखान्यात पत्र्याची बॉडी आधी धुतली जाते, मग फॉस्फेटच्या प्रक्रियेतून जाते आणि नंतर रंगाच्या मोठ्या हौदात पूर्ण बुडवली जाते. त्या हौदात वीजप्रवाह सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचे कण पत्र्याच्या आतल्या सांदीकोपऱ्यापर्यंत जाऊन चिकटतात. याला ईडी कोट म्हणतात. जाडी वीसेक मायक्रॉन, आणि गंज रोखण्याचं मुख्य काम याचंच. 160 ते 180 अंश सेल्सिअसच्या भट्टीत तो पक्का होतो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट. शेवटची भट्टी 140 अंशांच्या आसपास.

प्रीमियर पद्मिनीच्या काळात वेगळा पारदर्शक थर नसायचा. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा आणि घासून घासून खालचा ताजा रंग वर आणला की गाडी उजळायची. त्या पिढीकडून आपल्याकडे समज आला की जितकं घासाल तितकी चमक. आजच्या गाडीला तो लागू नाही. आज फडक्यावर रंग दिसत नाही, पण घासलं की क्लिअर कोट कमी होतोच. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

पेंट शॉपमध्ये आम्हाला डोक्याला तेल, हाताला क्रीम, अंगाला डिओडरंट लावून आत जायची परवानगी नव्हती. त्यांतल्या सिलिकॉनचा अंशही ओल्या रंगात गेला तर रंग तिथून बाजूला सरकतो आणि गोल खड्डा पडतो. त्याला फिशआय म्हणतात. झटपट चमक देणाऱ्या कित्येक स्वस्त पॉलिशमध्ये हेच सिलिकॉन भरपूर असतं. तयार, पक्क्या रंगाला त्याचा त्रास नाही, पण पुढे कधी डेंटिंग-पेंटिंगची वेळ आली तर रंगाऱ्याला ते आधी पूर्ण काढावं लागतं. बाटली घेताना लेबल वाचा, ते यासाठी.

चरे कुठून येतात

आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत माती असते, सिमेंट असतं, खडी क्रशरचा चुरा असतो आणि बारीक वाळू असते. वाळूतलं क्वार्ट्झ मोहसच्या काठिण्यमापनात 7 वर येतं, सुरीच्या पोलादी पात्यापेक्षाही कठीण. क्लिअर कोट त्यापुढे फार मऊ. अशी धूळ बॉनेटवर बसलेली असताना कोरडा फडका किंवा झटकणी फिरवली की प्रत्येक कण क्लिअर कोटवर आपली रेघ ओढत जातो. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला, तरी तेच होतं. कव्हर घालायचं तर स्वच्छ गाडीवर.

सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारे येतात. आमच्याकडे येणाऱ्या भाऊंना मी एकदा विचारलं, एका बादलीत किती गाड्या होतात? ते म्हणाले, "ताई, टाकीवरून दोनच बादल्या मिळतात. त्यातच सगळी लाइन पुसायची." दोष त्यांचा नाही. महिन्याला ठरावीक पैसे, रोज सगळ्या गाड्या आणि दोन बादल्या पाणी असा हिशेब आपण घातला आहे. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या बादलीच्या तळाशी पहिल्या दोन गाड्यांची वाळू बसलेली असते आणि तीच फडक्यातून चौथ्या गाडीवर जाते. मी भाऊंशी ठरवलं: माझी गाडी रोज पुसायची नाही, पैसे तेवढेच. रोज फक्त काचा, त्याही ओल्या स्वच्छ फडक्याने. गाडीला हात लावायचा तो आठवड्यातून एकदा, पाणी मारून. सोसायटीतल्या आणखी काहींनी हे मान्य केलं आणि भाऊंचंही पहाटेचं काम हलकं झालं.

धुणं: दोन बादल्या आणि सावली

गाडी सावलीत हवी आणि पत्रा थंड हवा. बॉनेटवर हाताची मागची बाजू टेकवा. चटका किंवा ऊब लागली तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर साबणाचं पाणी वाळतं आणि डाग सोडतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम उरकावं.

सामान मोजकंच. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि वेगळा मग, पुसायला मोठा मायक्रोफायबर टॉवेल. बादलीच्या तळाशी बसवायची जाळी मिळते. त्यामुळे खाली बसलेली वाळू पुन्हा मोज्याला लागत नाही. शेजारच्या मुलाने मला विचारलं होतं, "काकू, डोक्याचा शाम्पू चालेल ना?" त्याला सांगितलं तेच इथे सांगते. केसांच्या शाम्पूत केस मऊ करणारे पदार्थ असतात, ते रंगावर थर धरतात. कपड्यांची पावडर क्षारयुक्त असते, ती वॅक्स उतरवते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या करते. भांड्यांचा साबणही वॅक्स उतरवतो. गाडीचा शाम्पू स्वच्छ करतो आणि शिवाय निसरडा असतो. आपल्याला त्याचा निसरडेपणाच हवा आहे, कारण त्यामुळे वाळूचा कण रंगावर न रुतता घसरून जातो.

सुरुवात चाकांपासून. तिथे ब्रेकचा चुरा आणि सर्वांत घाण मळ असतो, तो उडून धुतलेल्या दारावर येऊ नये म्हणून चाकं आधी. मग पूर्ण गाडीवर नुसतं पाणी. घरी पाइप नसेल तर बागेत फवारणीला वापरतात तो पाच लिटरचा हातपंप घ्या. त्यात थोडा शाम्पू घालून गाडीभर फवारा आणि तीन-चार मिनिटं मळ भिजू द्या, पण वाळू देऊ नका. मग धुवून टाका. हात न लावता जेवढी धूळ जाईल तेवढी इथेच गेली पाहिजे. माझ्या मते अख्ख्या धुण्यातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात.

आता एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळखळून पिळायचा, मगच परत शाम्पूत. टपापासून खाली यायचं. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि सर्वांत शेवटी दारांखालच्या पट्ट्या आणि बंपरचा खालचा भाग, कारण चिखल आणि खडीचा चुरा तिथेच जास्त असतो. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको आणि दाबही नको. मोज्याचं स्वतःचं वजन पुरतं. मोजा खाली पडला तर तो पुन्हा रंगाला लावू नका, दुसरा घ्या.

पाण्याचाही विचार करायला हवा. पाइप सोडून ठेवला तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जातं. हातपंप आणि बादल्यांनी अख्खी गाडी तीन-चार बादल्यांत निघते. मार्च 2024 मध्ये पाणीटंचाईमुळे बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि 5000 रुपये दंड लावला. ती पाळी आपल्या शहरांवर येऊ नये असं वाटत असेल तर पाइप बाजूला ठेवलेला बरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी रिन्सलेस वॉश हा चांगला मार्ग आहे. बादलीभर पाण्यात थोडं द्रावण घालायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, वरून पाणी मारायचं नाही. मात्र गाडी चिखलाने माखली असेल तर हा मार्ग नको.

पुसण्यात हयगय नको. चिंचवडला नळाला पवना धरणाचं पाणी येतं, ते फारसं त्रास देत नाही. पण उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरावं लागतं, ते बहुधा जड असतं. थेंब वाळला की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढरं वर्तुळ सोडतात. असं वर्तुळ उन्हात फार दिवस राहिलं तर रंगात रुततं. म्हणून धुतल्याबरोबर टॉवेल गाडीवर पसरायचा आणि हलकेच ओढून घ्यायचा, रगडायचं नाही. आरशांच्या आणि दारांच्या फटींत थांबलेलं पाणी शेवटी टिपायचं. ताजी पांढरी वर्तुळं निम्म्याहून अधिक पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. नंतर तो भाग साध्या पाण्याने नीट धुवा.

मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, सुताचे तंतू त्यात अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने धाग्यांची पाणी आणि धूळ ओढून घेण्याची ताकद जाते. चाकांचे फडके आणि रंगाचे फडके वेगळ्या रंगांचे ठेवा, म्हणजे घरातलं कुणीही गाडी धुवायला घेतली तरी अदलाबदल होणार नाही.

क्ले: धुऊनही न जाणारा मळ

गाडी धुऊन पुसून झाली की हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बोटांची टोकं बॉनेटवर हळू फिरवा. पिशवीमुळे बोटाला बारीकसारीक खडबडही कळते. रंग गुळगुळीत लागला तर क्लेची गरज नाही, सरळ वॅक्सकडे जा. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतून बसलं आहे.

ते काय असतं? ब्रेक लावताना चाकातून तापलेल्या लोखंडाचे कण उडतात आणि रंगावर चिकटून गंजतात. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. भोसरी, चाकणसारख्या कारखान्यांच्या भागात आणि रेल्वेमार्गाजवळ लावलेल्या गाड्यांवर ते जास्त असतात. शिवाय रस्त्याच्या कामातले डांबराचे थेंब, शेजारच्या इमारतीला रंग देताना उडालेले शिंतोडे, झाडाखालचा चिकटा. आंब्याला मोहर येतो तेव्हा त्यावरचे तुडतुडे गोडसर चिकट द्रव सोडतात. झाडाखालच्या गाडीवर त्याचा थर बसतो आणि धूळ त्यावर पक्की धरते.

लोखंडी कणांसाठी आधी आयर्न रिमूव्हर मारा. लोखंडाला लागताच तो जांभळा होतो, त्यामुळे कण कुठे आहेत ते डोळ्यांना दिसतं. वास उग्र असतो. हातमोजे घाला, सावलीत करा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. डांबरासाठी टार रिमूव्हर वापरा. पेट्रोल अजिबात नको, आगीचा धोका आहे. एवढं करून जे उरतं, ते क्लेचं काम.

क्ले म्हणजे मऊ मळलेल्या कणकेसारखा लवचिक गोळा, पण त्यात अतिशय बारीक घासकण असतात. तादाओ कोदाते या जपानी गृहस्थांनी 1990च्या दशकात अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, आणि त्या पेटंटमध्ये त्याचं वर्णन लवचिक घासदगड असंच आहे. हे लक्षात ठेवावं. क्ले हे घासायचंच साधन आहे. पाण्याच्या निसरड्या थरावरून फिरलं तर ते रंगाच्या वर आलेला कण कापून नेतं. कोरडं फिरलं तर रंगाला चरे पाडतं.

बाजारात बारीक, मध्यम आणि जाड अशा प्रतीची क्ले मिळते. घरी फक्त बारीक घ्या. वडी अख्खी न वापरता तुकडा कापा, हातात मळून चपटा करा. गाडीचा दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या आणि त्यावर क्ले लुब्रिकंट किंवा शाम्पूचं पाणी सढळ हाताने फवारा. मग क्ले पुढे-मागे सरळ रेषेत, बोटांच्या हलक्या भाराने. सुरुवातीला खरखर ऐकू येते आणि बोटांना अडखळतं. दहा-बारा फेऱ्यांत आवाज थांबतो आणि क्ले सुळकन सरकू लागते. भाग झाला. पुसून घ्या, पुढचा भाग घ्या. क्लेचा चेहरा काळा झाला की ती आत दुमडून नवा पृष्ठभाग बाहेर आणा. आणि ती जमिनीवर पडली तर फेकून द्या. काही शे रुपयांची वडी वाचवायला जाऊन जमिनीवरची वाळू अख्ख्या बॉनेटवर फिरवणं परवडत नाही.

क्लेने चरे जात नाहीत, हे आधीच सांगते. ती फक्त वर चिकटलेला मळ काढते. जुनं वॅक्सही निघून जातं आणि गडद रंगावर पुसटशा खुणा उमटू शकतात. म्हणून क्लेनंतर रंग उघडा ठेवायचा नाही, त्याच दिवशी वॅक्स लावायचं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, एवढी क्ले पुरे. मॅट रंगावर आणि रॅप लावलेल्या गाडीवर ती फिरवू नका.

इथे आणखी एक इशारा. सर्व्हिसिंगला गाडी दिली की बऱ्याच ठिकाणी 'रबिंग करून देऊ, गाडी नवी होईल' असं म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका काकांनी दर सर्व्हिसिंगला ते करून घेतलं. निवृत्त झाल्यावर मी जाडी मोजायचं छोटं यंत्र घेतलं होतं, ते त्यांच्या बॉनेटवर लावलं तर दारांपेक्षा वीसेक मायक्रॉन कमी भरले. रबिंग कंपाउंड आणि बफिंग मशिन चरे घालवतात ते भोवतालचा रंग चऱ्याच्या तळापर्यंत उतरवूनच. एखाद्या वेळी, जाणत्या हाताने, ते रास्त आहे. दर वर्षी ते केलं तर क्लिअर कोट संपतो, ऊन खाली पोहोचतं आणि टपावर, बॉनेटवर पापुद्रे सुटू लागतात. त्यावर कोणतंही वॅक्स उपाय नाही, पुन्हा रंगच द्यावा लागतो.

चऱ्यावर नख फिरवा. नख अडकलं तर तो चरा खोल आहे, घरी जाणार नाही. नख अडकत नसेल आणि चरे फक्त उन्हातच दिसत असतील तर तुम्ही ते सोडून द्या आणि नवे पडू देऊ नका, असा माझा सल्ला आहे.

वॅक्स: पातळ, आणखी पातळ

उत्तम वॅक्सचा मुख्य घटक कार्नोबा. हा मेणाचा प्रकार ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर तयार होतो. तिथल्या कोरड्या हवेत पानांतलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःवर मेणाचा थर चढवतं. पानं कापतात, वाळवतात, झोडपतात; मेण भुकटी होऊन पडतं. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण समजलं जातं आणि 80 अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावरच वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हात टिकाव धरतं. चॉकलेटच्या गोळ्यांवर आणि औषधाच्या गोळ्यांवर चकाकी असते, तिथेही बरेचदा हेच मेण असतं. शुद्ध कार्नोबा दगडासारखं कठीण असल्यामुळे डबीत ते तेलं आणि द्रावकं मिसळून मऊ केलेलं असतं.

लावायची पद्धत सोपी आहे. पत्रा थंड, कोरडा, स्वच्छ. फोमच्या चकतीवर अगदी थोडं वॅक्स घ्यायचं आणि बॉनेटच्या अर्ध्या भागावर इतकं पातळ पसरायचं की जेमतेम धूसर दिसावं. जाड थर जास्त टिकत नाही. तो नुसता पुसायला कठीण जातो आणि पांढरे पट्टे सोडतो. पाच-दहा मिनिटांनी बोट ओढून पाहा. बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली तर वाळलं, माखलं तर थांबा. मग स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच पुसायचं, फडका उलटून दुसऱ्या बाजूने शेवटचा हात. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आणि रबराला वॅक्स लागू देऊ नका, पांढरं होऊन बसतं. मॅट रंगावर वॅक्स लावूच नका.

आपल्या ऊन-पावसात कार्नोबा वॅक्स महिना-दोन महिने टिकतं. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट काही महिने टिकतात, झळाळी थोडी कमी. सिरॅमिक कोटिंग याहून बरंच अधिक टिकतं. त्याला खर्च आणि आधीची मेहनत दोन्ही जास्त. पण 'कोटिंग केलं, आता ओरखडे पडणार नाहीत' हे खरं मानू नका. कोरडा फडका कोटिंगवरही चरे पाडतो. वॅक्स उरलं आहे का, ते पाणी सांगतं. पावसात बॉनेटवर गोल, टपोरे थेंब उभे राहिले तर उरलं आहे. पाणी चपटं होऊन पसरलं तर पुन्हा लावायची वेळ आली.

वॅक्सचा खरा उपयोग चमकेपेक्षा मोठा आहे. पक्ष्याची विष्ठा, मेलेले किडे, झाडाचा चिकटा यांना रंगाआधी मेणाचा थर लागतो आणि आपल्याला धुवायला वेळ मिळतो. विष्ठेत यूरिक ॲसिड असतं. उन्हात तापून रंगाचा थर किंचित मऊ होतो, विष्ठा त्यावर वाळून घट्ट बसते आणि खाली कायमची खूण उमटते. मे महिन्यात ही खूण पडायला एक दुपार पुरते. दिसताक्षणी ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवा, भिजल्यावर वर उचला, घासू नका. द्रुतगती मार्गावरून आल्यावर पुढच्या बंपरवरच्या किड्यांनाही हाच उपचार.

वर्षाचं वेळापत्रक

माझ्या हिशेबात वर्षाला दोन मोठे दिवस आहेत. पहिला मेच्या अखेरीला, पावसाच्या आधी: धुणं आणि वॅक्स. दुसरा पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आसपास: धुणं, आयर्न रिमूव्हर, पिशवीत हात घालून तपासणी, लागली तर क्ले, आणि वॅक्स. मधल्या काळात दर आठवड्याला साधं धुणं, आणि थेंब चपटे दिसले की वॅक्सचा एक पातळ हात. कोकणातून आलात तर दुसऱ्याच दिवशी गाडी धुवा, खालच्या बाजूलाही पाणी मारा. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ खाली साचतं आणि तिथे वॅक्स पोहोचत नाही.

खंडेनवमी-दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. ती जरूर करावी. फक्त हार तारेने बांधू नका, दोऱ्याने बांधा. वाऱ्याने हलणारी तार बॉनेटला चरे पाडते. ओला झेंडू रात्रभर पत्र्यावर ठेवू नका. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, कुंकवाचा रेंगाळतो, विशेषतः पांढऱ्या गाडीवर. स्वस्तिक काचेवर काढलं तर पूजाही होते आणि रंगही राहतो.

येत्या दसऱ्याला गाडीसाठी काही घ्यायचं मनात असेल तर नवा अत्तराचा डबा घेऊ नका. एक बादली, एक हातमोजा आणि चार मायक्रोफायबर फडके घ्या. त्यातले दोन फडके गाडी पुसणाऱ्या भाऊंच्या हातात द्या, त्यांना पाणी मिळेल असं सोसायटीच्या बैठकीत ठरवा, आणि रोजचं कोरडं पुसणं बंद करा. क्ले आणि वॅक्स पुढच्या रविवारी केलं तरी चालेल. कोरडा फडका मात्र उद्यापासूनच थांबवा.